अण्णांचं वजन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, जिला माझी लपवलेली तपकिरीची डबीसुद्धा माहीत आहे.

अण्णा, माझे वडील. ऐंशीचे. जन्मभर सोलापुरात मागावर चादरी विणल्या. शेवटी हृदय थकलं, अंगातलं पाणी त्याला पेलेना. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं आणि मला सांगितलं — रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच आणा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वही हाती आली आणि मला, खोटं कशाला बोलू, मजाच वाटली. आलेख काढायला लागलो. पण रेघ हलेना. मीठ खरंच एवढं करतं? किती? किती दिवसांत?

अण्णा रोज कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी मागायचे. बायको बधायची नाही. ती चार दिवस सांगोल्याला माहेरी गेली, आणि मी त्यांच्या ताटात चटणी वाढली. चांगली मूठभर, दोन्ही वेळेला. दया आली म्हणून? तसं असतं तर आजवर गप्प कशाला बसलो असतो? मला काटा हलताना बघायचा होता. तिसऱ्या सकाळी दोन किलो जास्त भरले. तेव्हाच दवाखान्यात न्यायचं होतं ना? मी म्हटलं — अजून एक दिवस बघू.

पाचव्या सकाळी अण्णांना आडवं होता येईना. दम आवरेना. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दवाखान्यात बायको आली, बहीण आली. डॉक्टरांनी वही मागितली; घरी राहिली म्हणालो. खारट काही खाल्लं का? — सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, चटणी चोरून खाल्ली असेल त्यांनी.

अण्णांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "व्हय, मीच खाल्ली. ऱ्हावलं न्हाय."

पुढे आठ महिने जगले. बहीण नातवंडांसमोर त्यांना हावरट म्हणायची, चटणीचा डबा कुलपात गेला. ते ऐकून घ्यायचे. फक्त एकदा, आम्ही दोघंच असताना, त्यांनी विचारलं — राग नव्हता, माझ्यासारखंच कुतूहल होतं —

"किती वाढलं रं?"

"अडीच किलो."

"लई की," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

श्राद्धाच्या पानात बहीण आठवणीने चटणी वाढते आणि दरवर्षी म्हणते, जिभेनंच नेलं अण्णांना. मी ऐकतो. मान हलवतो. वही कपाटात आहे. त्या दिवसांचे आकडे माझ्या अक्षरात आहेत, एकही खाडाखोड नाही.