पाठ फिरवणारा रणगाडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. सांगताना रडू वगैरे येत नाही — चीड येते. स्वतःची. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यात एवढा नीचपणा?

गोष्ट कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची आहे. हसा खुशाल. मीही इतकी वर्षं ती हसण्यावारीच नेली.

तेव्हा मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. लाईनवरून आलेला माल मोजायचा आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम. बालाजी मशीनवर होता. लातूरकडचा, कमी बोलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. मग आम्ही कंपनीतली काही पोरं मोशीला संतोषकडे जमायचो. संतोष तिथला मूळचा, भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांपैकी एक खोली त्यानं आम्हाला सोडली होती. तिथं जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडून आम्ही दुसऱ्या महायुद्धावरचा एक खेळ खेळायचो. सैनिक, तोफा, रणगाडे, पूल ताब्यात घ्यायचे, इंधन वाचवायचं. त्या खेळातले आकडे बदलता यायचे — कुठल्या टँकचं चिलखत किती जाड, तो किती झपकन वळतो. ते काम माझ्याकडे होतं. मी फाईल तयार करायचो आणि पेनड्राईव्हनं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर टाकायचो. नियम एकच, कंपनीत शिकलेला: बदल करायचा तर आधी सगळ्यांना सांगायचं.

त्यात एक जड टँक होता. समोरून भिंत, मागून पापड. इंधन फार खायचा म्हणून बाकीचे त्याच्या वाटेला जात नसत. बालाजी मात्र तोच घ्यायचा. गल्लीतून बाहेर काढायचा, माझी एखादी तोफ उडवायचा, आणि तोंड माझ्याकडेच ठेवून रिव्हर्समध्ये परत गल्लीत. माझे गोळे त्याच्या समोरच्या चिलखतावर आपटून वाया जायचे. दर गुरुवारी हेच. मी कुंपणाआड तोफा लपवायचो, वाट बघत बसायचो, आणि हा शांतपणे येऊन माझी लाज काढून जायचा. वर जिंकल्यावर म्हणायचा, "चल, चहा घेऊ." त्या चहाचा मला किती राग यायचा, कसं सांगू?

मग मी बॅलन्सचा मुद्दा काढला. काय गोंडस शब्द आहे — बॅलन्स. हा टँक फारच वरचढ आहे, चिलखत कमी करू, असं म्हणालो. संतोष आणि बाकीचे म्हणाले, काही गरज नाही, तू बाजूनं जाऊन मार की. एकटा बालाजी माझ्या बाजूनं बोलला. "करा की कमी. मला चालतंय."

तिथं माझं डोकं फिरलं. हरवतोस ते हरवतोस, वर सूट देतोस? मला त्याची दया नको होती. मला तो हरायला हवा होता, आणि आपल्याच चुकीनं हरलो असं त्याला वाटायला हवं होतं. खरं हेच आहे. मी तेव्हा मान हलवली आणि म्हणालो, राहू दे, टँक आहे तसाच ठेवू.

आणि घरी जाऊन फाईल उघडली. चिलखताला हात लावला नाही, ते लगेच लक्षात आलं असतं. दुसरा एक आकडा होता. मागे ये असा हुकूम दिल्यावर टँक किती अंतरापर्यंत तोंड न फिरवता रिव्हर्स येईल, याचा. त्याहून लांब जायचं असेल तर तो गर्रकन वळून सरळ चालायला लागतो. फक्त त्या जड टँकचा तो आकडा मी एवढा खाली आणला की शेजारच्या गल्लीत यायचं म्हटलं तरी तो वळणार. नवा नकाशा आणलाय असं सांगून मी फाईल सगळीकडे टाकली.

पुढच्या गुरुवारी बालाजीचा टँक बाहेर आला, गोळा मारला, आणि मागे जायच्या ऐवजी जागेवर फिरायला लागला. सावकाश. आपली मऊ पाठ माझ्या तोफांसमोर धरून. एका गोळ्यात गेला. मी उठून संतोषला टाळी दिली.

"मागं घे म्हणलं की फिरायलाय बघ तो," बालाजी म्हणाला.

"व्हय, टँकच चुकला," संतोष म्हणाला. "तुजा हात न्हाई चुकला."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

पण बालाजी हसून सोडणारा नव्हता. लाईनवर माल बिघडला की आम्ही का, का, का विचारत मुळापर्यंत जातो, तसंच त्यानं केलं. एका गुरुवारी लवकर येऊन, रिकाम्या नकाशावर एकटा तो टँक पुढे-मागे करत बसला. जवळ बोलाव, लांब बोलाव. मी आलो तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. बाकीच्यांसमोर नाही, बाजूला. माझी अब्रू जपायला. "फाईलमध्ये काही बदललंय का रे?"

"नाही. फाईल ओके आहे," मी म्हणालो.

बाहेरच्या कुणाला यात काय विशेष वाटणार? पण आमच्यात क्वालिटीवाल्यानं ओके म्हटलं की तो माल पुन्हा कुणी मोजत नाही. बालाजीनं स्क्रीनकडे पाहिलं. तिथं टँक त्याच्या डोळ्यांदेखत वळत होता. मग माझ्याकडे पाहिलं. आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. "मग माझाच हात चुकायलाय," म्हणाला, आणि आत जाऊन सगळ्यांना तेच सांगितलं.

संतोषनं त्याचं नाव रिव्हर्स ठेवलं. मी ते कंपनीच्या कॅन्टीनपर्यंत नेलं. हो, मीच. पुढे बालाजी यायचा बंद झाला, आणि मी तो आकडा गुपचूप पूर्ववत केला. मग संतोषनंच तो टँक घेऊन बघितला आणि म्हणाला, मस्त मागं येतोय की. कुणाला शंका आली नाही. मला त्या सगळ्यांचाही राग येतो. डोळे होते ना तुम्हाला?

खरं तर ते नाव वगैरे विरून गेलं. दुसरंच काहीतरी राहिलं. कंपनीत बालाजी पूर्वी मशीनवरचा माल स्वतः मोजून ठाम सांगायचा. आता प्रत्येक नग घेऊन माझ्याकडे यायला लागला. "मला बरोबर वाटायलंय, पण तू बघ." मी बघायचो. बरोबरच असायचं.

आता मी चाकणला दुसऱ्या कंपनीत आहे. मागल्या वर्षी त्यानं चऱ्होलीला फ्लॅट घेतला. चावी घेण्याआधी मला बोलावलं. आतल्या खोलीचं दार त्यानं उघडलं, लावलं, परत उघडलं. "मला वाटायलंय हे खाली घासायलंय. बिल्डरचा माणूस म्हणतोय घासत नाही. तू ओके म्हणलास तर चावी घेतो."

मी वाकून पाहिलं. फरशीवर दाराच्या फेऱ्याचा ओरखडा स्पष्ट दिसत होता. माझ्या लहान पोरालाही दिसला असता.

"घासतंय," मी म्हणालो. "तुझं बरोबर आहे."

त्याचा चेहरा असा खुलला की मला तो बघवेना. "बरं झालं तू आलास," तो हसत म्हणाला. "माझ्या नजरेचा काय भरवसा."

बिल्डरचा माणूस सुतार आणायला खाली गेला होता. रिकाम्या घरात आम्ही दोघंच. एक वाक्य होतं. तोंडात तयार होतं.

मी म्हणालो, "चल, बाथरूमचा उतार बघू." आणि तो माझ्यामागून आला.