मी आत गेलो नाही ती गल्ली

लातूरच्या एका गल्लीच्या नावाचा फॉर्म मी त्या गल्लीत पाऊल न टाकता भरला होता. त्यावर दोन रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या. एक सही मी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची घेतली, दुसरी समोरच्या पानवाल्याची. दोघेही त्या गल्लीत राहत नव्हते आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पुढे जे झालं त्याचा दोष माझ्यावर कधी आला नाही. तो आता मीच घेतो आहे.

लातूर जिल्हा होऊन फार काळ झाला नव्हता. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या जीपा गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला फेऱ्या मारत राहायच्या, कारण गावातले पत्ते गावातल्यांनाच कळायचे. गिरणीमागं, मोठ्या लिंबापाशी, तेल्याच्या बोळात. काही भिंतींवर चुन्याखालून जुनी उर्दू अक्षरं डोकावायची, पण ती वाचणारे थोडे उरले होते. जिल्ह्याच्या गावाला शोभतील अशा पाट्या लावायचं ठरलं. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. हे काम ज्या कार्यालयाकडे आलं तिथे मी रोजंदारीवर कारकून होतो. मुखेडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, कायम होण्याच्या आशेवर दिवस काढणारा.

कामाची पद्धत सोपी होती. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात जुन्या रजिस्टरातलं नाव उतरवायचं. मग गल्लीत जाऊन लोक काय म्हणतात ते विचारायचं आणि दुसऱ्या रकान्यात लिहायचं. खाली तिथल्याच दोन जाणत्या माणसांची सही किंवा अंगठा. दोन नावांत फरक पडला तर लोकांचं नाव खरं धरायचं. हा नियम आमच्या साहेबांनी घातला होता, आणि तो चांगला होता.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळ कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. भर दुपारी मी त्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथे एका खांबाला लाकडी फळी टांगलेली होती, हाताने रंगवलेली. ‘पंचशील गल्ली’. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस आणि शेवटची जागा न पुरल्यामुळे दाटीने बसवलेली. मी ती फळी वाचली. नीट वाचली. आत हापशावर रिकाम्या घागरींची रांग होती, आणि एक बाई माझ्याकडे बघत होती.

ही बौद्ध वस्ती आहे हे मला कळलं. मी लहान असताना आमच्या गावात अशा वस्तीत आम्ही जात नसू. का, ते कुणी विचारत नसे. लातुरात मला कुणी अडवलं नव्हतं. ऊन फार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. रजिस्टरात त्या गल्लीचं जुनं नाव होतं, जातीवरून पडलेलं. ते नाव तिथल्या लोकांनी धर्म बदलला तेव्हाच टाकून दिलं होतं. मी दोन्ही रकान्यांत तेच लिहिलं आणि गिरणीकडे वळलो. ते नाव इथे पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुष्कळ झालं.

पंधरवड्यात निळी पाटी लागली. पाटी लावणाऱ्या माणसांनी फळी उतरवून आणली आणि कार्यालयामागच्या खोलीत इतर जुन्या पाट्यांच्या ढिगावर टाकली.

त्यानंतर टँकर सुरू झाले. ड्रायव्हरही बाहेरचे, म्हणून त्यांना आमचीच यादी मिळाली. एक दिवस त्यातला एक कार्यालयात येऊन टेबलाशी बसला आणि साहेबांना सांगू लागला, “साहेब, त्या गल्लीचं काय करायचं? पाटी वाचून हाळी दिली तर एक माणूस भांडं घेऊन येईना.”

“का?”

“एक म्हातारा येऊन म्हणतो, या नावाची गल्ली हितं न्हाई, म्होरं बघा. म्हणलं बाबा, पाणी घे, फकस्त या नावापुढं सही कर. तर म्हणतो, सही न्हाई आन् पाणीबी न्हाई.”

“मग तू काय केलंस?”

“म्होरं गेलो. म्होरच्या गल्लीनं डबल पाणी भरलं. त्यांची दिवाळी झाली.”

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला, इतकंच.

चारेक दिवसांनी तो म्हातारा आणि त्याची सून माझ्या टेबलापुढे उभे राहिले. म्हातारा उंच, वाळलेला, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यातला. गवंडीकाम करून निवृत्त झालेला. फळी त्यानेच रंगवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. सून प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बोलत होती तीच.

“दादा, पाटी बदलून द्या.”

“अर्ज करा, बाई.”

“केलाय. हा घ्या.”

“नावाचा पुरावा जोडावा लागतो.”

“पुरावा गल्लीच्या तोंडाशी टांगला होता. तुमची माणसं घेऊन गेली.”

म्हातारा म्हणाला, “सह्या कुनाच्या हायेत ते दावा.”

“फॉर्म साहेबांकडे असतात,” मी म्हणालो. फॉर्म माझ्या खणात होते.

“जलमापासून त्या गल्लीत हाय मी. मला कुनी इचारलं न्हाई.”

“तुम्ही घरी नसाल तेव्हा.”

“उन्हाळ्यात? भर दुपारी? मी काय हवा खात हिंडून राहिलो होतो काय?”

सून ओठ दाबून हसली, पण लगेच गंभीर झाली. “दोन पाळ्या गेल्या टँकरच्या. बायका पाण्याला मळ्यातल्या विहिरीवर जातायत, तिकडं गावाबाहेर. लेकरं बिनआंघोळीची शाळेत येतात.”

मी म्हणालो, “मग तूर्त सही करून टाका ना. पाणी तर मिळेल.”

म्हाताऱ्याने टेबलावर दोन्ही हात टेकले. आवाज न चढवता म्हणाला, “बाळा, तुझ्या गावात तुमच्या आळीला शिवी लिवली आन् तिच्याखाली अंगठा दिला तरच पानी मिळल म्हनले, तर तुझा बाप देईल का अंगठा?”

मी अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि इतर कागदांखाली सरकवला. वर पाठवला असता तर साहेबांनी फॉर्म मागितला असता, सह्या पाहिल्या असत्या आणि माझी रोजंदारी गेली असती. एवढाच विचार मी केला. सून दर आठवड्याला यायची आणि मी दर आठवड्याला ‘वर गेलाय’ म्हणायचो.

म्हातारा सायकलला दोन्ही बाजूंनी डबे बांधून विहिरीवरून पाणी आणायचा. मे सरता सरता, रोहिण्या लागायच्या सुमारास, बांधावरून उतरताना भरल्या डब्यांनिशी सायकल कलंडली आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ही बातमी साहेबांपर्यंत पोचली. ते स्वतः त्या गल्लीत गेले, आले, आणि मला बोलावून त्यांनी फॉर्म मागितला.

“या सह्या कुणाच्या?”

“रहिवाशांच्या.”

“हा तर गिरणीसमोरचा पानवाला.”

“तो म्हणाला होता मी इथलाच आहे म्हणून,” मी म्हणालो. “गिरणीवाल्याची ओळखही त्यानेच करून दिली.”

पानवाल्याने असं काही म्हटलं नव्हतं. मी कागद पुढे केला होता आणि त्याने गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता सही केली होती. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते मला माहीत नाही. पाटी दोन दिवसांत बदलली आणि टँकरच्या यादीतलं नावही. दोन दिवसांचं काम मी सगळा उन्हाळा अडवून धरलं होतं.

पुढे मी कायम झालो, नांदेडला आलो, घर बांधलं, मुलं मोठी केली. मग नांदेडचे रस्ते रुंद झाले आणि तिथल्या पाट्या बदलायची वेळ आली. या पाट्या गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या होत्या, नावाखाली बाणाने दिशा दाखवणाऱ्या. नावांची यादी तपासायला माझ्याकडे आली. खाली तोच रकाना: रहिवाशांच्या सह्या. मी ती यादी घेऊन महिनाभर पायी फिरलो, प्रत्येक गल्लीत शेवटच्या घरापर्यंत. बरोबरचे लोक म्हणायचे, साहेब, फोनवर होतं की हे. एका घरी चहा घेताना तिथल्या आजींनी सहज विचारलं, “एवढ्या उन्हाचं सोता कशाला फिरून राहिले?” मला खरं सांगता आलं नाही. त्या शनिवारी मी लातूरची एसटी धरली.

म्हाताऱ्याची सून आता निवृत्त झाली होती. केस पांढरे, चष्मा जाड. अंगणात बसून डाळ निवडत होती. मला तिने ओळखलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत.

मी तिला सगळं सांगितलं. फळी वाचल्याचं, सह्यांचं, दाबलेल्या अर्जाचं. पानवाल्याचं सांगितलं तेव्हा मात्र तिने सूप खाली ठेवलं.

“म्हणजे पानवाले चाचा बोलले नव्हते तसं?”

“नाही.”

“आमचे मामंजी आणि चाचा रोज संध्याकाळी एका फळकुटावर बसायचे. पाटी बदलली तेव्हा तुमचे साहेब पुन्हा आले, चाचांनी रहिवासी म्हणून सही केली असं सांगून गेले, आणि मामंजींनी त्या दुकानाकडं बघणं सोडलं. चाचा दोनदा घरी आले. मामंजींनी भिंतीकडं तोंड केलं. मरेपर्यंत बोलले नाहीत.”

याची मला कल्पनाही नव्हती. मी हात जोडले आणि काही बोलणार तोच ती म्हणाली, “थांबा. मला एकटीला सांगून मोकळं व्हायचं होय? उद्या रविवार आहे. सकाळी वंदनेला सगळे विहारात जमतात. तिथं बोला. चाचांनाही आणते मी.”

रात्री मी लॉजवर राहिलो. सकाळी वाटलं होतं की पाय तिकडे वळणार नाहीत, पण वळले. वंदना संपल्यावर तिने मला पुढे बोलावलं. चाळीसेक माणसं होती, निम्मी त्या उन्हाळ्यानंतर जन्मलेली. चाचा दाराशी खुर्चीवर होते, कानामागे हात धरून. मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “ह्यो काय पानी घेऊन आलाय का आता?” लोक हसले. त्या हसण्याने मला जरा धीर आला.

मी म्हणालो, “मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तुमचं नाव वाचलं होतं, आणि तरी कागदावर दुसरं लिहिलं. आत यायची मला लाज वाटली, तुमची. आज माझी वाटते. तुमचा अर्ज मी स्वतःची नोकरी वाचवायला दाबून ठेवला, म्हणून तुम्हाला पाणी मिळालं नाही आणि बाबा पडले. चाचा, तुम्ही काही खोटं बोलला नव्हता. तुमच्या नावावर मी खोटं बोललो आणि तुमचा दोस्त तोडला. बाबांची माफी मागायला मला उशीर झाला. तुमची सगळ्यांची मागतो. चाचा, तुमची मागतो. माझी चूक होती. मला माफ करा.”