काट्याचा हात

माझी नणंद साबणाच्या कारखान्यात वड्या तपासते. सत्तावीस वर्षं झाली. पट्ट्यावरून वडी आली की ती तळव्यावर क्षणभर तोलते. शंभरात दोन ग्रॅम कमी भरली तरी वडी रिजेक्टच्या पेटीत. कारखान्यात तिला ‘काटा’ म्हणतात, हातामुळे आणि जिभेमुळेही.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिने एकूण एक वडी नापास केली. चार पेट्या भरल्यावर मॅनेजर धावत आला.

“मावशी, अहो, वजन मुद्दाम ब्याण्णव केलंय. वडी पोटाकडून खोलगट केलीय. वेष्टन तेच, किंमत तीच.”

“मला का नाही सांगितलं?”

“तीच तर परीक्षा होती. तुमच्या हाताला कळलं नसतं, तर गिऱ्हाइकाला काय कळणार? वजन छापणार आहोतच, बारीक अक्षरात.”

“मग नापास तुम्ही झालात,” ती म्हणाली.

एक नवी कंपनी स्वस्त साबण विकत होती आणि यांचा खप घसरला होता. निर्णय भागधारकांच्या सभेत व्हायचा होता. एका वर्षी बोनसऐवजी कामगारांना शेअर मिळाले होते. त्यातले पाच नणंदेने माझ्या नावावर केले होते. म्हणून आम्ही दोघी गेलो. माझी मुलगी सहाच महिन्यांपूर्वी तिथे पॅकिंगला लागलेली.

“वन्सं, आज तोंडाला कुलूप लावा. पोरगी नवी आहे.”

“लावते. पण किल्ली माझ्याकडेच राहील.”

सभेत मालक म्हणाले, “भाव वाढवला तर गिऱ्हाईक जाईल, नफा घटला तर भागधारक जातील. वजन कमी करायचं नसेल, तर पॅकिंगमधली वीस माणसं कमी करावी लागतील.”

नणंद उठली.

“मी इथे कामाला. शेअर माझ्याकडे. अंघोळीला साबणही हाच. म्हणजे माझ्याच उजव्या हाताने डाव्या हाताला मापात फसवायचं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “नुसतं टोचू नका, उपाय सांगा.”

“सांगते. वडी ब्याण्णवचीच करा, पण वेष्टन लहान करा, आकडा मोठा छापा, किंमत उतरवा. माणसं काढू नका. खोट येईल ती यंदाच्या डिव्हिडंडमधून भरा. सुरुवात माझ्यापासून.”

आणि तिने हात वर केला.

सोड्याने सालपटं निघालेला तो हात इतकी वर्षं मला ताट वाढत आला होता. मी कधी नीट पाहिलाच नव्हता. भरल्या सभागृहात तो एकटा वर होता आणि जरासुद्धा हलत नव्हता. माझा हात कधी वर गेला, मला कळलं नाही. मग एका निवृत्त फिटरचा गेला. मग हळूहळू बरेच. थोडक्यात निभावलं, तेही एका वर्षापुरतं.

पुढच्या वर्षाच्या विचाराने माझी झोप उडालीय. आज न्हाणीघरात लहान वेष्टनातली वडी होती. मी ती तळव्यावर धरली, डोळे मिटले. काही केल्या समजेना.

“आई, राहू दे,” मुलगी म्हणाली. “ती आत्याच्या हाताखालून आलीय.”