देवाचा कोबी, नणंदेची पात

न्गातेमीनं धुमसत्या ब्रोमो डोंगराला शब्द दिला होता: नवरा पुन्हा चालू लागला, तर कसदाच्या यात्रेला स्वतःच्या हातचा कोबी वाहीन. औषध न मारलेला आणि एकही भोक नसलेला.

उतारावरच्या वाफ्यातून घसरून पाय मोडलेला मुजियात काठीवर चालू लागला. आता पाळी कोबीची. औषधाविना तो अळीपासून वाचवायचा, तर दोन ओळींमध्ये कांद्याची पात हवी. तिच्या उग्र वासानं पतंग फिरकत नाहीत, असं तिची आई सांगायची. न्गातेमीनं आधी पात वाढवली, मग कोबीची रोपं बसवली. गड्डे असे भरले की येणाराजाणारा थबकायचा.

थबकायचा, आणि पात उपटून न्यायचा! गावात कुणाकडे कार्य निघालं की भाजी जिथं दिसेल तिथली घ्यायची. नाही म्हणायची रीतच नाही. नणंद सुपीना तर टोपली घेऊनच आली.

"वहिनी, मूठभर पात नेते गं."

"मूठ कुणाची, हत्तीची? अहो वन्सं, ती राखणीला लावलीय!"

"कांदा राखण करतो? मग कुत्रं कशाला पाळलंस?"

मुजियात ओट्यावरून म्हणाला, "नेऊ दे गं. बहीण आहे माझी."

"पाय तुमचा, बहीण तुमची, नवस तेवढा माझा!"

कसदा तोंडावर आली तेव्हा पातीच्या ओळीत पडलेल्या दातांसारख्या फटी, आणि गड्ड्यांची चाळण. न्गातेमीनं पान न् पान उलटलं. शेवटी त्यातल्या त्यात बरा, एकाच भोकाचा गड्डा निवडला. देवानं नाकारला, आणि पाय पुन्हा गेला तर?

यात्रेच्या सकाळी डोंगरमाथ्यावर, विवराच्या काठाशी सुपीना जुडी नाचवत आली. "बघ, देवाला काय कोवळी पात आणलीय!"

न्गातेमीनं ती पोटच्या पोरीसारखी ओळखली. दात खाऊन तिनं कोबी विवरात भिरकावला. खाली आतल्या उतारावर, लोकांनी वाहिलेलं झेलायला जाळी धरून माणसं उभी होती. एकानं तो झेलला, फिरवून पाहिला.

"मावशी, हा आधीच कुणीतरी चाखलाय!"

"चाखवणारी ही इथं उभी आहे, हिला विचार!"

लोक हसले. सुपीनाही हसली, सगळ्यांत मोठ्यानं.

परतताना मुजियात पुढं चालत होता. न्गातेमीची नजर त्याच्या पायावरून हलेना. मागून सुपीना म्हणाली, "वहिनी, पुढच्या खेपेला पात जरा जास्त लाव हं. पुरत नाही."

न्गातेमीनं वळून धुराकडे पाहिलं.

"ऐकलंस ना देवा? आता भोक कुणाच्या नावावर मांडायचं, ते तूच बघ."