मापुलेंगने उच्चारलेले नाव

मापुलेंग आमच्या तेयातेयानेंग गावात सून म्हणून आली, तेव्हा तिचे नाव निराळे होते. आमच्याकडे नव्या सुनेला सासरचे जे नाव मिळते, त्यातच तिच्या होणाऱ्या अपत्याचे नाव गुंफलेले असते. मापुलेंग म्हणजे पुलेंगची आई. प्रत्यक्ष पुलेंग यथावकाश जन्मली. आई मात्र तिच्याआधीच जन्माला आली होती.

ही मुलगी डोंगरातली. तिकडच्या माणसांना पायऱ्या चढल्यासारखे बोलण्याची सवय असते. हिचे बोलणे मात्र उतारावरून धावत यावे तसे. अंगोरा शेळ्यांच्या लोकरीचे, भिंतीवर टांगायचे गालिचे ती मागावर विणते. तिच्या गालिच्यांत डोंगर निळे असतात आणि माणसांना मान नसते. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "न्ताते, घोंगडी पांघरल्यावर मान दिसते कुणाची?" न्ताते म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि वर शेजारी, त्यामुळे ती हाक मला दुप्पट आदराने मिळते, निदान तोंडावर तरी.

तिच्या सासऱ्यांचे नाव न्कोपाने. खाणीतून निवृत्त झालेले, गवताची टोकदार टोपी झोपेपुरतीच काढणारे गृहस्थ. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हा आमचा नियम. आणि पहिल्या नातवाला आजोबांचे नाव द्यायचे, हाही आमचाच नियम. दोन्ही नियम वेगवेगळे घेतले तर उत्तम आहेत. पुलेंगच्या पाठीवर मुलगा झाला, त्याचे नाव न्कोपाने ठेवले, आणि आईला स्वतःच्या मुलाला हाक मारता येईना. मापुलेंगने आठवड्याभरात तोडगा काढला. तिने त्याला 'टोपीवाले' म्हणायला सुरुवात केली. आजोबांचा मान राहिला, मुलाला हाक मिळाली. हळूहळू सगळी आळीच त्याला टोपीवाले म्हणू लागली. खुद्द आजोबा त्याला 'मित्रा' म्हणत.

तिचा नवरा लेफा जोहान्सबर्गला एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्या वर्षी ईस्टरला त्याला सुटी मिळाली नाही. मापुलेंगने सासूकडे विषय काढला, सासूने सासऱ्यांकडे, आणि सासऱ्यांनी कुंपणावरून माझ्याकडे.

"मास्तर, तुम्ही मुलाकडे जोहान्सबर्गला निघालाच आहात. आमची फौजही न्या बरोबर."

"फौज वळणाची असेल तर नेतो," मी म्हणालो.

"पोरगी शहाणी आहे. तो दुसरा मात्र जरा बघा. माझंच नाव आहे ना त्याचं, पाय एका जागी ठरत नाहीत."

एप्रिल महिना होता, म्हणजे आमच्याकडे पानगळीचा. ओढ्याकाठचे पॉपलर पिवळे झाले होते, पीचची झाडे उघडी पडली होती, आणि सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावताना विचार करावा लागे. देशाची सीमा ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी कॉसमॉस फुलला होता. पाच वर्षांचे टोपीवाले बसच्या खिडकीला नाक लावून प्रत्येक गाईला नमस्कार करत होते. सात वर्षांची पुलेंग त्यांच्या वतीने लाजत होती.

"न्ताते, शहरात जिने स्वतः चालतात हे खरं?" टोपीवाल्यांनी मला विचारले.

"खरं."

"मग ते जातात कुठे?"

चाळीस वर्षांच्या मास्तरकीला स्मरून मी फुलांकडे बोट दाखवले.

जोहान्सबर्गच्या स्थानकात उतरलो तेव्हा लेफा आला नव्हता. मी सर्वांना एका खांबाजवळ उभे केले आणि बोचकी मोजून रचली. तेवढ्यात मापुलेंगने खाली वाकून पुलेंगच्या बुटाची नाडी बांधली. ती सरळ झाली तेव्हा टोपीवाले नव्हते.

आधी तिने बोचक्यांच्या मागे पाहिले, मग खांबाच्या मागे, मग पुन्हा बोचक्यांच्या मागे. तिच्या अंगावरची घोंगडी खांद्यावरून घसरली, ती तिने उचललीही नाही.

"न्ताते, माझं पोर..."

मी पुलेंगचा हात धरून बसगाड्यांच्या दाराकडे निघालो आणि मापुलेंगला चौकशीच्या खिडकीकडे पाठवले. नियमाने योग्य असेच मी केले, असे मला वाटले. तिथे नाव विचारतील, हे माझ्या लक्षात आले नाही.

पुढचे तिनेच नंतर सांगितले. खिडकीत एक धिप्पाड झुलू बाई बसली होती. आमची भाषा ती मोडकीतोडकी बोले.

"मुलाचं नाव?"

"पाच वर्षांचा आहे. तपकिरी स्वेटर. डाव्या गालावर जॅम."

"नाव सांग, मे," ती म्हणाली. मे म्हणजे आई; कुणाही बाईला आदराने मारायची हाक. "जॅमला हाक मारू का मी?"

"नाव मला घेता येत नाही."

झुलू बाईने चष्मा कपाळावर सरकवला. "सासऱ्यांचं ठेवलंय?"

"हो."

"आमच्यातही तसंच असतं गं. सासूच्या नावात पाणी येतं म्हणून मी वर्षभर पाण्याला 'ओलं' म्हणत होते. पण लेकरू हरवलंय. सासरे इथे आहेत?"

"नाही. पण त्यांचे शेजारी आहेत. म्हातारे. फार शिस्तीचे."

"ते शोधून देणार आहेत का?"

मापुलेंगने डोक्यावरचा रुमाल खाली ओढला, डोळे मिटले आणि नाव घेतले.

मी बसगाड्यांच्या दारात होतो. छताखालच्या सगळ्या कर्ण्यांतून एकदम आवाज आला: "न्कोपाने! तेयातेयानेंगचा न्कोपाने! तुझी आई चौकशीच्या खिडकीपाशी उभी आहे!" हे नाव त्या बाईला कुणी सांगितले असणार, ते मला तत्काळ कळले. मी टोपी काढली. का काढली, ते सांगता येणार नाही. हात आपोआप वर गेला. मग पुलेंगला घेऊन परत निघालो.

खिडकीपाशी मापुलेंग माझ्याकडे न बघता उभी होती. घोषणा पुन्हा झाली. तिसऱ्यांदाही झाली. कुणी आले नाही. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. मोठ्यांचे नाव घेतले आणि मूलही गेले, असा काहीसा हिशेब तिच्या मनात चालला असावा, कारण ती एकसारखी पुटपुटत होती, "मी घ्यायला नको होतं, घ्यायला नको होतं."

"पण मे," पुलेंग म्हणाली, "तो कशाला येईल? ते तर आजोबांना बोलावतायत."



मापुलेंगने घोंगडी खांद्यावर घेतली, खिडकीला वळसा घालून दारातून सरळ खोलीत शिरली आणि त्या बाईच्या हातातला ध्वनिक्षेपक घेतला. बाई "अगं, हात लावायची परवानगी नाही!" म्हणेपर्यंत सगळ्या स्थानकात आमच्या आळीची संध्याकाळ घुमली होती.

"टोपीवाले! ओ टोपीवाले! कुठं उंडारताय? पापा थंड होतेय! मी येऊ का काठी घेऊन?"

पापा म्हणजे आमची मक्याची घट्ट उकड; तिच्या नावाने भुकेला माणूस मैलावरून वळतो. एक वृद्ध गृहस्थ डोक्यावरची टोपी चाचपत थबकले. आणि त्यांच्या मागून, चालत्या जिन्याच्या बाजूने, माक्वेन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, विकणारी एक बाई टोपीवाल्यांना हाताला धरून घेऊन आली. टोपीवाल्यांच्या एका हातात गोळा होता आणि दुसऱ्या गालावरही जॅम आला होता.

"हा का तुमचा?" ती बाई धापा टाकत म्हणाली. "मघापासून मी विचारतेय, तो न्कोपाने तूच का रे? तर मला म्हणतो, नाही मावशी, ते घरी आहेत. त्यांचा गुडघा दुखतो."

मापुलेंग खोलीतून धावत बाहेर आली. तिने मुलाला एक धपाटा घातला, पोटाशी घेतले, पुन्हा धपाटा घातला. टोपीवाले म्हणाले, "मे, जिने कुठेच जात नाहीत. खालून परत येतात." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "न्ताते, मी बघितलं."

लेफा धावत आला तेव्हा सगळे आटोपले होते. उरलेले दिवस मजेत गेले. रविवारी उद्यानात चिनार वृक्षांची पाने माळ्याने झाडून नीटनेटके ढीग घातले होते; मुलांनी त्यांत उड्या मारून ती पुन्हा उद्यानभर केली. मी माळ्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "असू द्या बाबा, झाडं रोज हेच करतात."

मापुलेंग मात्र हसताहसता मध्येच रुमाल पुढे ओढी. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "न्ताते, तुम्ही घरी काही सांगू नका."

"खोटे बोलणे मला जमत नाही."

"खोटं कुठं? तुम्ही गप्प बसा. मी सांगणार आहे."

घरी पोचल्यावर तिने घोंगडी नीट पिनेने अडकवली, सासऱ्यांपासून योग्य अंतरावर गुडघे टेकले आणि जमिनीकडे बघत सगळे सांगितले, बुटाच्या नाडीपासून ध्वनिक्षेपकापर्यंत, जॅमसकट. मी कुंपणापाशी उभा होतो. सासू चुलीपुढे हालचाल थांबवून ऐकत होती.

न्कोपानेंनी टोपी मागे सरकवली.

"किती मोठ्यानं घेतलंस?"

"मी हळूच घेतलं. त्या बाईनं मोठ्यानं घेतलं. सगळ्या स्थानकाला ऐकू गेलं."

"एवढ्या लोकांत? आणि कुणीच आलं नाही?"

"नाही."

म्हाताऱ्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटले, खोकला आला. मग ते इतके हसले की गुडघा धरून खाली बसावे लागले.

"मास्तर, ऐकलंत? अख्ख्या जोहान्सबर्गनं माझं नाव ऐकलं आणि एक माणूस वळून बघत नाही!" डोळे पुसून ते सुनेकडे वळले. "पोरी, तू केलंस ते आईनं करायचं असतं तेच केलंस. तुझ्या तोंडून ते पुन्हा यायचं नाही, हा नियम तसाच राहील. पण पोराला ते त्याचं वाटलं पाहिजे. ते काम माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळण्याआधीच शेजारच्या अंगणातून खणखणीत हाक आली, "न्कोपाने!"

"आजोबा, ते तर तुम्ही!" आतून उत्तर आले.

"मग आपण दोघंही न्कोपाने! ये बाहेर!"

चुलीपाशी मापुलेंगने रुमाल तोंडात कोंबून पाठ फिरवली, आणि तिची पाठ किती तरी वेळ हलत राहिली.