तीन ठाण्यांच्या चपला

ही केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर माणूस शांत होतो म्हणतात. मी झालो नाही, आणि या बाबतीत मला व्हायचंही नाही.

मी तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. नुकतंच आमच्याकडे नव्या संगणक प्रणालीचं एक मोठं सादरीकरण झालं होतं. पुण्याहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर चौकोन दाखवले, प्रत्येक चौकोन म्हणजे एक ठाणं, आणि त्यांना जोडणारे बाण. एका ठाण्यात नोंद झाली की सगळ्या ठाण्यांना दिसणार, माहिती कुठेही अडणार नाही. समोसे आले, टाळ्या झाल्या. आराखडा चांगला होता, त्या माणसाचा काही दोष नाही, हे आधीच सांगतो.

दुसऱ्याच दिवशी प्रकाशा गावाकडचा एक माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला जाणारा. हातात कापडी पिशवी. बारावी झालेली त्याची मुलगी घरून निघाली ती परतली नव्हती, आणि तो तीन ठाणी फिरून आला होता. गाव एका ठाण्याकडे, मुलगी शेवटची दिसली ती जागा दुसऱ्याकडे, ती ज्या जीपमधून उतरली ती जीप तिसऱ्याकडची. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची आणि मग पुढे पाठवायची, असा स्पष्ट नियम आहे. इथे तक्रार कोणी घेतलीच नाही, बाप तेवढा पुढे पाठवला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हीन सगळा एकच कपडा घालतस ना? मंग मन्ही पोर कोन्ही हद्दमा शे?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पिशवीतून मुलीच्या जुन्या चपला काढल्या. एका पट्ट्याला लाल दोऱ्याचे टाके होते, ते त्यानेच घातलेले. शहाद्याच्या बसस्टँडबाहेरच्या चपलांच्या दुकानात, फळीखाली, त्याला त्या दिसल्या होत्या.

मी साध्या वेशात त्या दुकानात गेलो. ओळख सांगितल्यावर दुकानदार मोकळेपणाने बोलला. त्याने सांगितलं, एक माणूस अधूनमधून येतो, बरोबर एक तरुण मुलगी असते. दवाखान्यात नोकरी लावतो, तिथे जुन्या चपला चालत नाहीत, असं म्हणून तिला नवा जोड घेऊन देतो आणि सुरतच्या गाडीत बसतो. मुलगी आपली भाची असल्याचं सांगतो.

"पन साहेब, इतल्या भाच्या कोना मामाले ऱ्हातस?" असं म्हणत त्याने कोपऱ्यातल्या पोत्यातून आणखी दोन जुने जोड काढून दिले.

मी कार्यालयात येऊन संगणकावर बेपत्ता मुलींच्या नोंदी शोधल्या. काहीच निघालं नाही. मग एकेका ठाण्याला फोन लावला आणि माझा संताप चढत गेला. एका ठाण्यात दुसऱ्या एका मुलीबद्दलचा साधा अर्ज पडून होता, नोंद नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दुसऱ्या ठाण्याने तिसऱ्या मुलीच्या नावापुढे 'स्वखुशीने निघून गेली' असं लिहून विषय संपवला होता. ठाणे अंमलदार मला म्हणतो, "सर, नवी चप्पल घेऊन देतो म्हणाला होता, हे तिची आई सांगत होती. पण त्यासाठी रकाना नाही." रकाना नाही! नोंद केली की आढावा बैठकीत आकडा वाढतो, आकडा वाढला की वरून विचारणा होते, हे खरं कारण होतं. बाण कितीही काढा, चौकोनात कोणी काही टाकलंच नाही तर बाणातून काय वाहणार?

दोन्ही मुलींच्या घरच्यांना बोलावून चपला दाखवल्या. दोघांनीही ओळखल्या.

थोड्याच दिवसांत दुकानदाराचा फोन आला, "मामा उना शे." मामा आल्याचं कळताच आम्ही त्याला स्टँडवरच धरलं. बरोबरची चौथी मुलगी त्याच दिवशी घरी गेली.

चौकशीत माणूस गोड बोलत होता. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ मराठी. ही पहिलीच मुलगी, ओळखीतली, नोकरीसाठीच नेत होतो, असं सांगत राहिला. बराच वेळ मी ऐकून घेतलं. मग तिन्ही जोड एकाशेजारी एक टेबलावर मांडले आणि प्रत्येकापुढे गावाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याला चपलांची भीती नव्हती. ते तिन्ही जोड एकाच टेबलावर आले, याचा त्याला धक्का बसला होता.

"साहेब," तो सावकाश म्हणाला, "एका ठाण्यातून दोन नेल्या असत्या तर तुम्ही आला असता. एक गेली तर पळून गेली म्हणतात. म्हणून मी प्रत्येक हद्दीतून एकच घ्यायचो."

माझा हात वर गेला होता. मारलं नाही, कारण त्याच्यापेक्षा जास्त राग मला आमचाच आला होता. आमचा कारभार कुठे कुठे तुटलेला आहे, हे आमच्या साहेबांपेक्षा त्याला नीट ठाऊक होतं.

त्याने सुरतचा पत्ता दिला. केळीच्या बागेतल्या त्या बापाची मुलगी आणि आणखी एक, अशा दोघी एका घरात कोंडलेल्या सापडल्या. बाप न्यायला आला तेव्हा त्याने मुलीचा हात धरला तो सोडला नाही. सर्वांत आधी नेलेली, पायथ्याकडची मुलगी तिथे नव्हती. तिला पुढे कुठेतरी पाठवलं होतं. पुष्कळ शोधलं. मिळाली नाही.

नंतरच्या बैठकीत हे प्रकरण नव्या प्रणालीचं यश म्हणून पडद्यावर आलं. पुन्हा टाळ्या. मी उठून बाहेर गेलो.

या केसने मला शिकवलं ते एवढंच: माहिती यंत्रामुळे अडत नाही. 'हे माझं नाही' असं म्हणणारा माणूस ती अडवतो. पहिल्या मुलीची तक्रार नीट लिहून इतर ठाण्यांना कळवली असती, तर पुढच्या दोघी घरातून निघाल्याच नसत्या, आणि पहिलीही कदाचित मिळाली असती. या गणितासाठी मी आजही कुणाला माफ करत नाही.

निकालानंतर चपला परत देण्याचा आदेश झाला. दोन जोड गेले. पहिल्या मुलीच्या आईने आपला जोड हातात घेतला, पदराने पुसला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. ती पावरीत, त्यांच्या आदिवासी बोलीत, काही म्हणाली; ते आमच्या शिपायाने मला मराठीत सांगितलं.

"इथेच ठेवा, म्हणते. पोरगी कोणत्याही ठाण्यात आली तरी तुम्हाला कळेलच ना."