सगळ्यात शेवटी येणारा आवाज

सौदीत रास तनुराला असताना शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं लॅटिन प्रार्थना गायचो. सिस्टर, केरळचं एक जोडपं आणि मी. सिस्टर वसईच्या, तिथल्या हॉस्पिटलात नर्स. मी नाशिकचा, देवळातल्या भजनात वाढलेला. आवाज खर्जातला, म्हणून त्यांनी मला धरून आणलं होतं. इस्टरनंतर त्या कायमच्या परत जाणार होत्या. त्याआधी चारेकशे वर्षांपूर्वीचं एक मोटेट, म्हणजे चार आवाजांचं प्रार्थनागीत, एकदा अथपासून इतिपर्यंत म्हणायचं, एवढीच त्यांची इच्छा.

भजनात एक जण सांगतो, बाकीचे मागून ओढतात. इथे वाद्य नाही, मुख्य गायक नाही. एक आवाज ओळ उचलतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ घेतो, मग तिसरा, सगळ्यात शेवटी मी. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. तिथे अशा प्रार्थनेला बंदी, क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजाऱ्यानं तक्रार केली की खलास, म्हणून सगळं गुणगुणण्याइतक्या हळू आवाजात बसवलेलं. चार महिने त्यात घातले.

मग जवळच्या जुबैलला एक मंगळूरकर आला, चर्चमध्ये गायलेला. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. गुड फ्रायडेला म्हणायचंय, मानणाऱ्यानं म्हटलेलं बरं. तुमची ओळ त्याला तुम्हीच शिकवा."

चार महिने माझी श्रद्धा कुणी विचारली नव्हती. फार झोंबलं. तरी शिकवलं, गाडीत बसवून, काचा वर करून. किती मात्रा थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. तो मोकळ्या गळ्यानं गायला आणि मी "वा" म्हणालो. हळू म्हणायचं, तेवढं सांगितलं नाही. मुद्दाम. ड्युट्या जुळेनात, त्यामुळे सगळ्यांची एकत्र तालीम झालीच नाही, हे मला ठाऊक होतं.

गुड फ्रायडेला मला ऐकायला बोलावलं. तीन आवाज अलगद आले आणि चौथ्यानं घर दणाणून सोडलं. पलीकडून भिंतीवर थापा पडल्या. सिस्टरनी हात वर केला, गाणं तिथेच थांबलं. त्यानंतर जमायची कुणाची हिंमत झाली नाही.

आठवड्याभरानं दम्मामच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. वाटेत म्हणाल्या, "चूक माझीच. तुम्हालाच ठेवायला हवं होतं. तुम्ही त्याला सांगितलं असेल ना, हळू म्हण म्हणून?"

"सांगितलं होतं, सिस्टर."

त्या खिडकीबाहेर बघत आपली ओळ गुणगुणू लागल्या. माझी जागा आली तशा थांबल्या. मी गाडी चालवत राहिलो.